खोलीच्या मापाची गाडी

दुकानदाराने कवळीवाल्याच्या तळहातावर तीन माणसं ठेवली आणि म्हणाला, आधी हे ठरवा, बाकीचं मग. सर्वांत लहान माणूस तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा होता. त्याला तोंड नव्हतंच. डोक्याच्या जागी फिकट रंगाचा ठिपका होता. मधला करंगळीच्या एका पेराएवढा, त्याला नाक असावं असा नुसता भास होत होता. तिसरा दोन पेरांएवढा. तो हमाल होता, डोक्यावर पेटी घेतलेला, आणि तो कोणाला तरी हाक मारत होता. हे कळायचं कारण त्याचं तोंड उघडं होतं, आणि रंगवणाऱ्याने हौसेने त्या उघड्या तोंडात तांबड्या रंगाचा एक बारीक थेंब सोडला होता. ओला दिसावा म्हणून वर वार्निशही मारलं होतं. दिवसभर लोकांच्या तोंडांचे साचे हाताळायचे, आणि संध्याकाळी दोन घटका जीव रमवायला आलं तर इथेही तोंडच पुढ्यात. कवळीवाल्याने हमालाला दोन बोटांनी उचललं आणि काउंटरवर पालथं निजवलं.

दुकान खेळण्यांच्या दुकानाच्या माळ्यावर होतं आणि दुकानदाराला गिऱ्हाइकं स्टेशनमास्तर म्हणत. तो बोलायचाही तसाच, पुढची गाडी सुटायची वेळ झाल्यासारखा. तीन मापं आहेत, म्हणाला. लहान ते खऱ्याच्या एकशे साठपट लहान, मधलं सत्त्याऐंशीपट, मोठं अठ्ठेचाळीसपट. जितकं लहान तितकी कमी जागेत जास्त गाडी, जितकं मोठं तितकी हाताला जड आणि डोळ्यांना सोपी. पण मापाच्याही आधी मन विचारा. काहींना गाडी नुसती फिरताना बघायची असते, चहाचा कप घेऊन बसायचं आणि बघायचं. काहींना डोंगर, बोगदे, झाडं करायची असतात, गाडी निमित्ताला. काहींना मालाच्या वाघिणी जोडायच्या, सोडायच्या, या रुळावरून त्या रुळावर न्यायच्या. तुमचा जीव कशात आहे? आणि खोली केवढी?

कवळीवाल्याने शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं. लांबी, रुंदी, दार कुठे, खिडकी कुठे, सगळं त्याला पाठ होतं. मग म्हणाला, "खोली भरली पाहिजे." स्टेशनमास्तर हसला. त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण जागा नाही म्हणून रडत यायचा, पलंगाखाली बसेल का, कपाटावर मावेल का विचारायचा. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्यांची त्याला सवय होती. अंथरूण घालायला जागाच उरू नये म्हणून पाय पसरायला आलेला हा पहिलाच. पण स्टेशनमास्तरला ते कसं कळावं? त्याला वाटलं, रसिक आहे.

खोली मुलीची होती. ती नोकरीसाठी दूर गेली, तिचा पलंग आणि टेबल घेऊन गेली, आणि खोलीत उरले ते भिंतीवरचे चिकटपट्टीचे चौकोनी डाग. कवळीवाला आणि त्याची बायको, घरात दोघंच. खोली रिकामी झाल्याची बातमी दादापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दादा हा त्याचा मोठा भाऊ. आई गेल्यापासून वडील दादाकडे होते, आणि आता दादाच्या घरात सून आली होती, तिचे दिवस भरत आले होते, माणसांना उठाबसायला जागा उरली नव्हती. दादा फोनवर अर्धा वेळ हवापाण्याचं बोलला आणि मग म्हणाला, "बाबांना आता तुझ्याकडे पाठवतो. तुझी खोली रिकामीच आहे." त्यात तक्रार नव्हती, विनंतीही नव्हती. बस थांब्यावर आली की चढायचं, इतकं ते दादाला सरळ वाटत होतं. बायको शेजारी भाजी निवडत बसली होती. तिने ऐकलं आणि मान डोलावली, येऊ देत की, माझी काही ना नाही. आणि कवळीवाल्याच्या तोंडून जे निघालं ते त्याने त्या क्षणापर्यंत मनातही आणलं नव्हतं. खोलीत मी एक काम काढलंय, तो म्हणाला. रेल्वे करतोय. दादाला वाटलं फोनमध्ये खरखर आहे. त्याने दोनदा विचारलं, काय करतोयस? आगगाडी, कवळीवाला म्हणाला, छोटी, घरात मांडायची. लहानपणापासूनची हौस आहे. हे शेवटचं मात्र खरं होतं, आणि खरं बोलून खोटं रेटता आलं याचं त्याला तेव्हा कौतुकच वाटलं.

बायकोने भाजी निवडून झाल्यावर देठं कागदात गुंडाळली. "हौसेला मोल नसतं," ती एवढंच म्हणाली. ती असं काही म्हणाली की त्याला तिच्याकडे बघवत नसे.

आता या माणसाला वडिलांनी काय केलं होतं म्हणून विचाराल तर काहीच नाही. मारलं नाही, टाकलं नाही, दारू प्यायले नाहीत. शाळेत कवायतीचे मास्तर होते, शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं नाव शिट्टी. उंच, रुंद, छाती पुढे काढून चालणारे, आणि शरीर ही एकच गोष्ट जगात खरी आहे असं मानणारे. शिंक आली तर खुशाल शिंकायचं, ढेकर आला तर तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला पाहिजे, घाम हा माणसाचा दागिना. सकाळी उठले की न्हाणीघरात असे काही खाकरायचे की शेजारचा पोपट त्यांची नक्कल करायला शिकला होता. लोक त्या पोपटाला हसायचे. धाकटा मुलगा मात्र पांघरुणात कान दाबून पडलेला असे आणि तो आवाज घशातून निघून कुठे पडला असेल हे मनात येऊ नये म्हणून पाढे म्हणत असे. दादाला यातलं काही जाणवायचं नाही. दादा वडिलांच्या ताटातलं उरलेलं खायचा, त्यांचा टॉवेल वापरायचा. एकाच आईच्या पोटची दोन मुलं, आणि एकाला बाप म्हणजे सावली, तर दुसऱ्याला बाप म्हणजे ओलावा. तो शब्द त्याला फार उशिरा सापडला. वडील म्हटलं की त्याला नेहमी काहीतरी ओलं आठवायचं.

ती शिट्टी ओली होती. शाळेच्या मैदानावर कवायत चालली होती, वडिलांना खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या मुलाच्या हातात दिली. वाजव, म्हणाले, एक-दोनवर. पितळी शिट्टी, उन्हाने गरम झालेली, आणि तिच्या तोंडाशी बुडबुडे आलेले. त्याने ती सदऱ्याच्या कडेला पुसली. पुसायला नको होती. वडील खोकता खोकता थांबले, आणि मग सगळ्या रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "का रे, बापाची थुंकी विटाळते होय?" पोरं खो खो हसली. त्यांच्या हसण्यात वाईटपणा नव्हता, वडिलांच्या बोलण्यातही नव्हता. त्यांनी थट्टाच केली होती, आणि थट्टा करून ते पाठीवर थापही मारणार होते. त्याने शिट्टी तोंडात घातली. पुसूनही ती आत ओलीच होती. आतला वाटाणा थुंकीत भिजून अडकला होता, फुंकलं तेव्हा आवाज आला नाही, आलं ते जिभेवर. ती चव त्याला आजही सांगता आली असती: पितळ, तंबाखू नसलेला पण तंबाखूसारखा एक कडवटपणा, आणि कोमट. पुढे आयुष्यात त्याने कोणाचं उष्टं खाल्लं नाही. लग्नात बायकोला घास भरवताना तो मधेच थबकला होता ते लाजेने नव्हे, आणि बायकोला ते तेव्हाच कळलं होतं.

असा माणूस कवळ्या करायच्या धंद्यात कसा पडला म्हणाल, तर त्याला त्यातली कलाकुसर आवडायची. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे त्याची कामाची खोली होती. तिकडे वैद्य लोकांच्या तोंडात हात घालायचा आणि इकडे याच्याकडे यायचं ते कोरडं, पांढरं प्लॅस्टर. त्यावर मेणाच्या हिरड्या बसवायच्या, एकेक दात रंग बघून लावायचा, कानशीने घासायचा, चकाकी आणायची. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, त्याचं त्यावरच भरत आलं होतं. पण प्लॅस्टर कितीही कोरडं असलं तरी ते एकास एक असतं. माणसाचं तोंड जेवढं, तेवढाच साचा. टाळूवरच्या वळ्या, गालाच्या आतला फुगवटा, सगळं जसंच्या तसं, आणि कपाटात ओळीने मांडलेले ते साचे बघताना कधीकधी त्याला वाटायचं की हे सगळे मिळून आता आवंढा गिळतील. मग तो दिवा मालवून जेवायला जायचा, आणि जेवायचा नाही.

वडिलांचे दात पडले तेव्हा वडिलांनी दंतवैद्याच्या खुर्चीवर बसायला नकार दिला. घरचा माणूस असताना परक्याने तोंडात बोटं का घालावीत? कवळीवाल्याने वैद्याकडे पाहिलं, वैद्य सौजन्याने हसला आणि बाजूला झाला. माप कसं घेतात हे त्याला माहीत होतं, हात मात्र त्याने कधी लावला नव्हता. गुलाबी लगदा कालवला, पत्र्याच्या तबकडीत भरला, आणि वडिलांनी त्याच्यासमोर तोंड उघडलं. इतकं मोठं, इतकं निःशंक, की लहान मूलसुद्धा आईसमोर तसं उघडत नसेल. आत काहीच नव्हतं. फिकट हिरड्या, त्यावर पांढरट पापुद्रा, आणि मागे ते मऊ, हलणारं, ज्यातून रोज पहाटे तो आवाज यायचा. त्याने तबकडी दाबून धरली. लगदा घट्ट होईपर्यंत बोटं आतच ठेवावी लागतात. वडिलांना उमासा आला, त्यांचा घसा त्याच्या बोटांवर आवळला गेला, आणि त्यांनी डोळ्यांत पाणी आलं तरी तोंड मिटलं नाही. उलट एका हाताने त्याचं मनगट धरलं, आधारासाठी. त्याच क्षणी याला स्वतःलाच उमासा आला. दोघं बापलेक एकमेकांना धरून ओकारी आवरत उभे होते आणि वैद्य मागे म्हणत होता, वा, छान. कवळी उत्तम बसली. वडील तिचं कौतुक सगळीकडे सांगत फिरले, माझ्या मुलाच्या हातची आहे, हाडसुद्धा फुटतं. तो साचा अजून कपाटात होता. वडिलांच्या तोंडाचा साचा कचऱ्यात कसा टाकणार? आणि ठेवणार तरी कसा? त्याने तो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला?

दुसऱ्या खेपेला बायको बरोबर आली. स्टेशनमास्तरने तिच्यासाठी सर्वांत लहान गाडी लावली. दाराएवढी एकच फळी होती, आणि त्यावर एक अख्खं गाव: नदी, पूल, दोन बोगदे, चढाची वाट, स्टेशनच्या फलाटावर ती तांदळाच्या दाण्यांची माणसं. काडेपेटीहून जेमतेम लांब इंजिन मागे वीस डबे घेऊन नदीवरून गेलं तेव्हा कवळीवाल्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. हेच त्याला हवं होतं, आधीपासून हवं होतं. एकशे साठपट लहान केल्यावर जगाला वास राहत नाही. फलाटावर कोणी थुंकलं तरी दिसणार नाही. माणसं एकमेकांजवळ उभी आहेत पण कोणाचा श्वास कोणाला लागत नाही, त्यांना तोंडं नाहीत, ती जेवत नाहीत, खाकरत नाहीत, म्हातारी होत नाहीत. इतक्या दुरून पाहिलं तर माणसांवर प्रेमसुद्धा करता येईल असं त्याला वाटलं. त्याने वाकून गाल फळीला टेकवला आणि गाडी डोळ्यांजवळून जाऊ दिली. एवढा मऊ झालेला नवरा बायकोने कधी पाहिला नव्हता. "ही घ्या ना," ती म्हणाली, "कपाटावर मावेल. खोली मोकळी राहील."

ती सहज बोलली, की सहज बोलली असं दाखवलं, हे त्याने शोधून काढायचा प्रयत्न केला नाही. लहान गाडी कपाटावर मावेल. मधली भिंतीलगत मावेल, आणि उरलेल्या जागेत खाट बसेल, खाटेशेजारी तिपाई, तिपाईवर पाण्याचा पेला आणि पेल्यात त्याच्याच हातची कवळी, रात्रभर पाण्यात हसत. त्याने खिशातून खोलीच्या मापांचा घडी घातलेला कागद काढलाही नाही; वळण घ्यायलाच जिला खोलीची पूर्ण रुंदी लागते ती गाडी कोणती हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "मोठी," तो म्हणाला. स्टेशनमास्तर दचकला. त्याने त्या माणसाचा गाल फळीला टेकलेला पाहिला होता. साहेब, जीव एका मापात आणि गाडी दुसऱ्या मापात, असं करू नका, तो म्हणाला, मागाहून पस्तावतात लोक. तेव्हा कवळीवाला त्याच्यावर उगाचच खेकसला. बायको जिन्याकडे वळली होती.

स्टेशनमास्तरचा नेहमीचा सुतार आला आणि त्यानेही डोकं खाल्लं. मेज भिंतीपासून भिंतीपर्यंत नेलं तर खिडकीच्या कोपऱ्यात हात पोचायचा नाही. हा धंद्याचा पहिला नियम आहे, जिथे हात पोचत नाही तिथे रूळ घालायचा नाही. गाडी घसरली तर उचलणार कोण? कवळीवाला म्हणाला, घसरणार नाही. मग दारातून आत कसं शिरणार? मधे एक माणूस उभा राहील एवढी चौकोनी विहीर ठेवा, तो म्हणाला, मी मेजाखालून रांगत आत जाईन. सुताराने त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि मोजपट्टी गुंडाळली. खालून आडव्या पट्ट्याही मारा, कवळीवाल्याने सांगितलं, भक्कम हवं. त्या पट्ट्या नसत्या तर मेजाखाली एक गादी सहज मावली असती, हे सुताराला माहीत नव्हतं. ते माहीत असणारा एकटाच माणूस त्या घरात होता, आणि पट्ट्या ठोकल्या जात असताना तो बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसला होता. प्रत्येक ठोक्याला त्याच्या तोंडात ती चव येत होती.

मन कशात आहे ते विचारा, स्टेशनमास्तर म्हणाला होता. त्याने विचारलं, आणि मनाने सांगितलं, माणसं नकोत. म्हणून त्याने स्टेशन केलं नाही, गाव केलं नाही, नुसता मालधक्का केला: कोळशाच्या वाघिणी, सिमेंटची कोठारं, एक वजनकाटा, सांध्यांचं जाळं. स्टेशनमास्तरने तरीही सामानाबरोबर माणसांचं एक पाकीट फुकट दिलं. माणसं नसली की मालधक्का मसणासारखा दिसतो, म्हणाला. पाकिटात पारदर्शक कागदाखाली सहा जण ओळीने, सगळ्यांची तोंडं कमीअधिक उघडी. त्याने ते कपाटात टाकलं. तरी काम पुढे सरकत गेलं तसतसा त्याला उबग येऊ लागला. मोठं माप निर्लज्ज असतं. इंजिन हातात घेतलं तर मेलेल्या जनावराएवढं जड. त्याच्या चाकांना तेल लागायचं आणि ते तेल रुळावर, रुळावरून बोटांना, बोटांवरून सगळ्या घराला. डिंक, रंग, तापलेल्या तारेचा वास खोलीतून बाहेर येऊन जेवणाच्या ताटापर्यंत पोचायचा. गाडी सुरू झाली की मेजाचं लाकूड घुमायचं, पलीकडच्या भिंतीला टेकून बसलं की पाठीला कळायचं. ज्या ओल्या, आवाजी, वास येणाऱ्या गोष्टीला त्याने दाराबाहेर ठेवायचं ठरवलं होतं तिच्याहून फारसं वेगळं असं काही त्याने घरात आणलं नव्हतं. बायको खोलीकडे फिरकत नव्हती. ती दादाच्या फोनवर हळू आवाजात बोलायची आणि तो आला की म्हणायची, बाबा बरे आहेत.

पहिल्याच आठवड्यात एक वाघीण खिडकीच्या कोपऱ्यात घसरली आणि आडवी झाली. विहिरीत उभं राहून त्याने हात लांबवला, छाती मेजावर टेकवली, कोठाराचं छप्पर मोडलं. बोटं पोचली नाहीत. काठीने ढोसली तर ती आणखी आत गेली. मग ती तिथेच राहिली. तिच्यातला खरा कोळसा, त्याने स्वतः कुटून भरलेला, रुळांवर सांडला होता. गाडी त्या कोपऱ्याच्या अलीकडेच थांबवून मागे घ्यावी लागायची. म्हणजे आता ती फिरतही नव्हती, नुसती पुढे आणि मागे, पुढे आणि मागे.

दादा आणि वडील आले ते न सांगता आले. बाबांना तुझी आगगाडी बघायची आहे म्हणाले, म्हणून आणलं, असं दादा दारातच म्हणाला, पण तो बोलताना मुलीच्या खोलीच्या दाराकडे बघत होता. कवळीवाला तेव्हा विहिरीतच होता. बाहेर यायला हवं होतं, पण रांगत, धूळ लागलेल्या गुडघ्यांनी, दादाच्या समोर मेजाखालून निघायचं त्याच्या जिवावर आलं. दार अर्धंच उघडत होतं. त्या अर्ध्या दारातून आधी काठी आत आली, मग वडील. ते केवढेसे झाले होते! छाती आत गेली होती आणि सदऱ्याची कॉलर मानेभोवती मोठी वाटत होती. त्यांनी उंबऱ्यातून मेजाकडे पाहिलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सावकाश, आणि हसले. कवळी स्वच्छ होती. दादाने मान आत घातली, चारी कोपरे पाहिले, मग खाली वाकून मेजाखाली पाहिलं. आडव्या पट्ट्या पाहिल्या असणार. तो सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा तांबडा झाला होता, वाकल्यामुळे म्हणा हवं तर. बायको त्यांच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली.

चालव, वडील म्हणाले. त्याने चालवली. इंजिन निघालं, घुमलं, वाघिणी एकमेकींवर आपटल्या, गाडी कोठारापर्यंत गेली आणि थांबली. वडिलांचं डोकं तिच्याबरोबर वळत गेलं आणि थांबलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात ओल जमली होती; त्यांनी ती हाताच्या पाठीने पुसली आणि तोच हात मेजाच्या कडेवर ठेवला, रुळाशेजारी. कवळीवाल्याची नजर त्या हातावर खिळली. लाकडावर ओला डाग पडला होता, आणि तो पुसायला हवा एवढंच त्याच्या मनात होतं.

"तो डबा पडलाय तिकडे," वडील म्हणाले.

असू दे, तो म्हणाला, हात पोचत नाही.

वडिलांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. कवायतीच्या रांगेत पाय चुकलेल्या पोराकडे ते बघायचे तसं नव्हे. ते दिवस गेले होते. नुसतं पाहिलं, थोडा वेळ, जरा जास्तच वेळ. मग त्यांनी खोली पुन्हा एकदा पाहिली, खिडकी, भिंती, अर्धं उघडलेलं दार, आणि आवाज एकदम खाली आणून, दादाला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "याहून लहान मिळत नाही का रे?"

त्या प्रश्नाला मिळतं असं उत्तर होतं. मिळतं, बाबा, एवढंसं मिळतं, कपाटावर मावतं, आणि मला तेच हवं होतं. एवढं म्हणायला एक श्वास लागला असता. बायको वडिलांच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघत होती. तिने ती लहान गाडी पाहिली होती, ही घ्या ना म्हणाली होती. वडील उत्तराची वाट बघताना तोंड किंचित उघडं ठेवून उभे होते, आणि आत, त्याने स्वतः लावलेल्या दातांच्या मागे, जीभ हलत होती.

"नाही," तो म्हणाला. "याहून लहान मिळत नाही."

वडिलांनी मान डोलावली. "मग इलाज नाही," ते म्हणाले. आणि दादाकडे वळून, मोठ्याने, जुन्या आवाजात सांगितलं की गाडी झकास आहे, पण तिचा घुमारा त्यांना सोसायचा नाही, रात्री झोप लागायची नाही, तेव्हा चल, तुझ्याकडेच बरं.

कवळीवाल्याला हायसं वाटलं. पार पोटऱ्यांपर्यंत हायसं वाटलं, आणि त्या वाटण्याची जी शिसारी त्याला आली ती शिट्टीची नव्हती, लगद्याची नव्हती, उघड्या तोंडांची नव्हती. ती पुसायला सदऱ्याची कड पुरली नसती. बायको म्हणाली, अहो, बाबांना जिन्यापर्यंत तरी सोडा. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला, हात टेकले आणि मेजाखाली शिरला. पट्ट्यांमधून अंग काढत दारापाशी आला तर समोर, हातभर अंतरावर, वडिलांचे पाय होते. ते अजून गेले नव्हते. तो बाहेर येईल म्हणून थांबले होते. पायांत नवे पांढरे मोजे होते, दुकानातल्या घडीची रेघ मोडलेली नव्हती, आणि एका मोज्याच्या टाचेला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. राहायला येताना घालायचे म्हणून घेतलेले मोजे. तो पुढे झाला असता तर त्याचं डोकं त्या पायांवरच टेकलं असतं. तो पुढे झाला नाही. पाय वळून जाईपर्यंत तो तिथेच, अंधारात, श्वास धरून बसून राहिला.